गुऱ्हाळ कशाला म्हणतात

२०१४ साली मला त्रेसष्टावं लागलं होतं. नोकरी सुटली होती, गुडघे शाबूत होते आणि जुनी स्कूटर पहिल्या किकला सुरू होत होती. त्या स्कूटरवर मागे बसवून मी महिन्या-दीड महिन्याने एका माणसाला सातपूरहून सीबीएस स्टँडजवळच्या कोर्टात नेत असे. खटला माझा नव्हता. मी जन्मात कोणावर खटला केला नाही आणि कोणाची माझ्यावर करायची हिंमत झाली नाही. खटला त्यांचा होता, सख्ख्या बहिणीने त्यांच्यावर लावलेला. तो जिंकायची त्यांना हौस नव्हती, हरायची भीती नव्हती. तो संपू नये एवढीच त्यांची खटपट होती.

त्यांचं नाव लिहीत नाही. कंपनीत सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणतो. ते भट्टीवर होते, मी लेथवर. मला ते शेवटपर्यंत टर्नर म्हणाले. माझ्या घरी येऊन माझ्या सुनेला विचारायचे, "टर्नर हाय का घरात?" माझा नातू लहान होता तेव्हा शाळेत त्याने आजोबांचं नाव टर्नर असं सांगितलं होतं.

आबांना कुठलीही गोष्ट थोडक्यात जमत नसे. चहा आला की बशीत ओतायचा, बशीकडे बघायचं, मग काहीतरी आठवायचं, तोवर चहा गार. पुन्हा कपात ओतून पुन्हा बशीत. तब्येत कशी आहे विचारलं तर त्यांच्या आजोबांच्या दम्यापासून सुरुवात. सांगता सांगता ऐन रंगात आलं की उठायचे आणि म्हणायचे, "राहिलेलं उद्या." दुसऱ्या दिवशी जिथे सोडलं तिथूनच धरायचे, मधला एक शब्द सुटत नसे. भट्टीवरची पोरं एकमेकांना डोळा मारून म्हणायची, चला, आलं गुऱ्हाळ. हा शब्द कानावर पडला की मात्र आबा थांबायचे. त्या पोराला समोर बसवायचे, पिशवीतून गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवायचे आणि विचारायचे, "गुऱ्हाळ पाहिलंय का बाळा?"

पोरांचं सोडा, त्यांनी हा प्रश्न मॅनेजरला विचारला होता. शिफ्टच्या वेळा बदलायच्या म्हणून एकदा सगळ्यांना शेडमध्ये जमवलं होतं. मॅनेजर नवीन होता, पुण्याकडचा. बराच वेळ बोलणं चाललं, कोणी ऐकेना, तेव्हा तो वैतागून म्हणाला की हे चर्चेचं गुऱ्हाळ आता बंद करा. मागून आबा उठले. "साहेब, गुऱ्हाळ पाहिलंय का तुम्ही?" साहेब खरं बोलला, म्हणाला नाही. आबा म्हणाले, "मग बसा." आणि तो बसला. पुढे काय विचारता. आबांनी ऊस तोडण्यापासून सुरुवात केली. रस काहिलीत पडला, चुलाणात चिपाडं पेटली, मळी वर आली, आबा ती झाऱ्याने काढायला लागले आणि भोंगा झाला. सगळे घरी गेले. शिफ्टच्या वेळा होत्या तशाच राहिल्या. युनियनवाल्यांनी आबांची पाठ थोपटली, काय डाव टाकला म्हणाले. आबांनी डाव टाकलाच नव्हता. त्यांना त्या शब्दाचं वाईट वाटलं होतं.

वाईट वाटायचं कारण असं. दारणाकाठी आबांच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. आबा आणि त्यांची धाकटी बहीण त्या काहिलीशेजारीच वाढले. पुढे सगळा ऊस कारखान्याला जायला लागला, काहील गंजली आणि आबा सातपूरला भट्टीवर आले. त्यांचं म्हणणं, लोक बोलणं लांबलं की गुऱ्हाळ म्हणतात, ते बरोबर आहे पण का ते कोणाला माहीत नाही. गूळ काही लांबत नाही. त्याची वेळ झाली की झाली, तेव्हा काहील उतरवली नाही तर करपतो. लांबतात ती माणसं. गुऱ्हाळावर आलेल्याला तू कोण विचारत नाहीत. तहानलेला आला, रस प्यायला. पोरं घरून भाकरी घेऊन येतात, गरम काकवीत बुडवून खातात. वर्षभर बांधावरून तोंड फिरवणारे दोघे तिथे एकाच गोणपाटावर बसतात, कारण ऊब एकीकडेच असते. "हातावर गरम गूळ असला ना टर्नर, की माणसाला उठता येत नाय. चटका बसतो आणि टाकवत पण नाय. म्हणून लांबतं ते."

मला हे मान्य नव्हतं. मी चौथी शिकलो, पण गुऱ्हाळ मीही पाहिलेलं आहे, सिन्नरकडे, बैलांच्या चरकाचं. बैल सकाळपासून गोल फिरतात आणि संध्याकाळी जिथे होते तिथेच असतात. बोलणाऱ्यांचं तसंच होतं, म्हणून तो शब्द. सरळ गोष्ट आहे. आबा म्हणायचे, तू बैलाकडे बघत बसला, माणसं बघितली नाय. मी म्हणायचो, तुम्ही गूळ खात बसला, बैल कोण हाकत होतं? यावरून आमचं वीस वर्षं वाजलं. एकदा एका सहकाऱ्याचा जावई आला होता, कॉलेजात शिकवणारा. त्याला आम्ही मध्ये घेतलं. तो म्हणाला, शब्द गुळावरूनच आला, गुळाचं घर किंवा गुळाची शाळा असं काहीतरी असावं, बघून सांगतो. आबांनी मान डोलावली. "शाळा असंल. मास्तर नसलेली." त्या जावयाने बघून काय ते पुन्हा सांगितलं नाही, आणि मीही माझं म्हणणं सोडलं नाही.

आता खटल्याचं सांगतो.

आबांची बहीण कळवणकडे दिलेली. त्यांचे वडील वारले तेव्हा तेराव्याला टॉवेल-टोपीचा मान देताना जावयाचा नंबर दुसरा लागला, टोपी आधी कोणा चुलत्याला दिली. एवढ्यावरून जावई पंगतीतून उठला. घरी गेल्यावर त्याने बायकोला थोरल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला आणि शपथ घ्यायला लावली की भावाच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, आणि भावाला या उंबऱ्याच्या आत घेणार नाही. मग काही वर्षांनी तिच्या नावाने जमिनीच्या वाट्याचा दावा लावला. दावा लागला आणि थोड्या वर्षांत जावई हार्टने गेला. शपथ राहिली, दावा राहिला.

आबांना वाटा द्यायला काही अडचण नव्हती. बापाची जमीन, तिचं रक्त, निम्मी तिची, असं ते पहिल्यापासून म्हणायचे. पहिल्या तारखेला ते तेच सांगायला कोर्टात गेले होते. तिथे व्हरांड्यात बहीण दिसली. आठ वर्षांनी. केस पांढरे झालेले, कानांनी अधू झालेली, एका हाताने भिंत धरून उभी. मुलगा तिला सोडून बाजार समितीत कांद्याचं बघायला गेला होता. दोघं आवारातल्या निंबाखाली बसली, तिच्या डब्यातली भाकरी दोघांनी खाल्ली. पुकारा झाला तेव्हा आबांनी वकिलाला सांगितलं, आज काही बोलू नका, पुढची तारीख घ्या.

मी त्यांना सरळ विचारलं होतं, की भेटायचंच तर देऊन टाका आणि भेटा कुठेही, देवीच्या गडावर भेटा, स्टँडवर भेटा. आबा म्हणाले, "तिला घराबाहेर पडायला कारण लागतं रे. भावाला भेटायला जाते असं तिला म्हणता येत नाय. कोर्टात जाते असं म्हणता येतं."

तेव्हापासून तारीख घेणं हे आबांचं काम झालं. कागद घरी विसरायचे. दाढ दुखायची. वकील कंटाळला की वकील बदलायचे, नव्या वकिलाला कागद वाचायला वेळ लागतोच. ते काळा कोट बघून नाही तर चेहरा बघून वकील निवडत, जो जास्त दमलेला दिसेल तो. शिपाई, कारकून, टायपिस्ट, बहिणीचा वकील, सगळ्यांच्या हातावर गूळ. कॉलनीत त्यांना तारीखवाले आबा म्हणायला लागले. तारखेच्या दिवशी पांढरा सदरा, कडक इस्त्रीचा, आणि दाढी गुळगुळीत. माझी बायको म्हणायची, हे कोर्टात चाललेत का बघायच्या कार्यक्रमाला.

मला वाटायचं हे सगळं आबा एकटेच करतात. एकदा बहिणीची उलटतपासणी होती. वकिलाने विचारलेलं तिला काही ऐकू येईना. वय विचारलं तर गाव सांगितलं, गाव विचारलं तर मुलं किती ते सांगितलं. न्यायाधीश साहेब हसू आवरत म्हणाले, पुढच्या वेळी कानाचं यंत्र लावून आणा. बाहेर आल्यावर निंबाखाली मी आबांना अगदी हळू म्हटलं, चहा सांगू का. बहीण लगेच म्हणाली, "मला बिनसाखरेचा." मी तिच्याकडे बघितलं. ती डबा उघडत होती. आबा पलीकडे बघत होते. त्या दोघांनी या गोष्टीवर एकमेकांशी एक शब्द कधी काढला नाही. ती तिच्या बाजूने लांबवत होती, हे त्यांच्या बाजूने, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला कळलेलं नाही. किंवा कळलेलं होतं. मला आजही नक्की सांगता येत नाही.

त्यांचं बोलणं म्हणाल तर काहीच नसायचं.

"लय वाळला रे दादा."

"तू बहिरी झाली."

"काय?"

"काय नाय. ठेचा वाढ."

मग ती विचारायची, चुलाणाशेजारची चिंच आहे का अजून. आबा म्हणायचे आहे. ती विचारायची, आणि विहिरीवरची? ती गेली. गेली? गेली. कधी? मग आबा ती चिंच कशी गेली ते सांगायला लागायचे, मोठ्या आवाजात, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं. अर्धं झालं की मुलगा यायची वेळ व्हायची. आबा म्हणायचे, राहिलेलं पुढच्या तारखेला.

एका तारखेला मुलगा लवकर आला. कांद्याचा लिलाव बंद होता त्या दिवशी. निंबाखाली आई आणि मामा एका डब्यात जेवताना त्याने बघितलं. हाच तो, ज्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. मला वाटलं आता इथे तमाशा होणार, मी उभाच राहिलो. तसलं काही झालं नाही. मुलगा चांगला होता. चप्पल काढून मामाच्या पाया पडला आणि खाली बसला. मग म्हणाला, "आई, तुमच्या दोघांत भांडणच नाही, मग हे गुऱ्हाळ कशाला चालवलंय?"

मला वाटलं आबा आता त्याला विचारतील, गुऱ्हाळ पाहिलंय का. त्यांनी पिशवीत हात घातला, गुळाचा खडा काढला, भाच्याच्या हातावर ठेवला. विचारलं मात्र काही नाही.

त्यानंतर सगळं भरभर झालं. भाच्याने दोन्ही वकिलांना गाठलं. लोकअदालतीची तारीख लागली. बांधापलीकडचा खालचा तुकडा बहिणीचा, वरचा आबांचा, मोजणीची पण गरज नाही, जुना बांध आहे तोच धरायचा. आबा कशाला नाही म्हणणार? पहिल्या दिवसापासून त्यांचं म्हणणं तेच होतं. नाही म्हणावं तर बहिणीचा वाटा खाल्ला असं झालं असतं. होय म्हणावं तर डबा गेला. त्या दिवशी तिथे खुर्च्या मांडलेल्या, माणसांची गर्दी, एकेक प्रकरण चहा प्यायच्या आत संपत होतं. आबांचा नंबर आला. ते वकिलाला म्हणाले, माझी एक अट आहे, लिहून घ्या. भाऊबीजेला बहिणीने माझ्या घरी यायचं.

वकील हसला. असं तडजोडीत लिहीत नाहीत म्हणाला. भाचा म्हणाला, "मामा, लिहायला कशाला पाहिजे? येईल की. मी स्वतः घेऊन येतो."

बहिणीला हे मात्र पहिल्या झटक्यात ऐकू गेलं. ती मुलाकडे बघून म्हणाली, "तुझ्या डोक्यावर हात ठेवलाय मी."

"आई, मी नाही मानत तसलं काही."

"तू नको मानू. डोकं तुझं हाय, हात माझा होता."

पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला. आबांनी सही केली, बहिणीने अंगठा दिला. तिथल्या एका बाईंनी दोघांना गुलाबाचं एकेक फूल दिलं, मिटलं म्हणून. डबा तिने आणलेला होता पण गाडी उभी होती, भाच्याला अंधार पडायच्या आत कळवण गाठायचं होतं. तिने डबा तसाच आबांच्या हातात दिला. "घरी जाऊन खा."

भाचा शब्दाचा खोटा नव्हता. फोन करायचा. आईला घेऊन येतो मामा, गडावर भेटू, घरात नको तर गडावर. कांदा निघाला की आणतो. पाऊस उघडला की आणतो. मग तिचे गुडघे बसले. मग पोरीचं लग्न निघालं. आणतो म्हणाला ते त्याच्या मनापासून होतं. आबा फोनवर म्हणायचे, काही घाई नाय. त्यांना लांबवणारा माणूस ओळखू येत होता, पण हे लांबवणं त्यांच्या ओळखीचं नव्हतं. त्यात कोणी बसलेलं नव्हतं.

दोन वर्षांनी आबा गेले. झोपेत गेले, शेवटचं तरी त्यांनी थोडक्यात केलं. बहीण आली. आबांच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेर गल्लीत उभी राहिली. सगळ्या बायका म्हणत होत्या आत चला, ती हलली नाही. आबांना बाहेर काढलं तेव्हा तिने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. एवढीच त्यांची भेट झाली, कोर्टानंतर.

त्या दिवशी भाचा माझ्याशेजारी बाकावर बसला होता. मी त्याला विचारलं, तुमच्या बांधाचं तुमच्या लक्षात आलं होतं का. तो म्हणाला, "आलं होतं ना काका. वाटेकऱ्याने लगेच फोन केला होता. मामांनी दोन हात आत घेतलं म्हणून. मी म्हटलं राहू दे, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं. दोन हातांसाठी मामाला परत कोर्टात ओढू का?"

चांगला मुलगा आहे. अजून दिवाळीला मला फोन करतो. त्याच्या चांगुलपणाचा मला जो राग येतो तो कोणाला सांगता येत नाही.

त्या दोन हात जमिनीचं कोणालाच खरं माहीत नाही. तेवढं लिहितो आणि थांबतो.

लोकअदालतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो तर दारात आबा. पांढरा सदरा, कडक इस्त्री, गुळगुळीत दाढी. मला वाटलं रात्रीतून डोक्यावर परिणाम झाला, तारीख आहे समजून आले. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. म्हणाले, "टर्नर, गाडी काढ. शेतावर जायचंय."

दारणाकाठी पोचलो तेव्हा ऊन चढायचं होतं. आबांनी गोणपाट सोडलं, आत कुदळ. मला म्हणाले तू चिंचेखाली बस, मधे यायचं नाय. आणि ते त्या बांधावर गेले, कालच्या कागदात जो हद्द म्हणून लिहिला होता त्या बांधावर, आणि त्यांनी बहिणीच्या बाजूने तो कोरायला घेतला. ज्या माणसाने जन्मात दुसऱ्याच्या शेतातली काडी उचलली नाही तो माणूस. बहात्तरीला आलेला. चार घाव घालायचे, कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, पुन्हा चार घाव. पांढरा सदरा पाठीला चिकटला. मी एकदा उठलो, कुदळ मागितली, तर म्हणाले, "तू हात लावू नको. तू लावला तर गुन्हा वाटला जाईल."

दुपार होत आली तेव्हा वरचा एक पट्टा निघाला होता, दोन हात रुंद असेल. मातीचा ढीग त्यांनी आपल्या बाजूला ओढला, नीट, लांबून दिसेल असा. मग पलीकडे बहिणीचा तुकडा वाट्याने कसणाऱ्या वाटेकऱ्याला हाक मारली, उगाचच पाणी मागितलं, म्हणजे त्याने येऊन बघावं. त्याने बघितलं. पाणी देऊन गेला.

आबा माझ्याजवळ येऊन बसले. हाताला फोड आले होते, ते उघडे धरून बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि आबा न बोलता बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मग म्हणाले, "टर्नर, तू बघितलं ना सगळं?"

मी म्हटलं, बघितलं.

"मग उद्या कोणी विचारलं तर माझ्यासाठी खोटं बोलू नको. सांगायचं, हो, यानंच कोरला, मी डोळ्यानं पाहिलं. साक्षीला बोलावतील तुला. यायचं."

मी म्हटलं, येईन.